नैराश्य आणि मेंदूचे चित्र
(प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे झालेले भाषण)



नैराश्याच्या रुग्णास घेऊन येणारे नातेवाईक हल्ली हटकून विचारतात, "डोक्याचा एम.आर.आय. काढावा का?" प्रश्न गैर नाही. परंतु उसनवारी करून चित्र काढले आणि त्यात काही आढळले नाही, की "रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे हे सारे सोंग!" असा निष्कर्ष घरात निघतो. तो रुग्णास फार महाग पडतो.

आपल्या मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूस हिपोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी साठविणे आणि ताणतणावाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल आवरणे, यांत त्याचा वाटा असतो. १९९६ साली अमेरिकेत इव्हेट शेलाइन यांनी वारंवार नैराश्य आलेल्या १० व्यक्तींचे एम.आर.आय. तपासले. त्यांच्यात हा भाग लहान आढळला. आजारात जितके अधिक दिवस गेले, तितका तो अधिक लहान. पुढे अनेक देशांतील संशोधकांनी १,७२८ रुग्ण व ७,१९९ निरोगी व्यक्ती यांची चित्रे एकत्र पडताळली. २०१६ साली छापलेल्या त्या निष्कर्षांत सरासरी फरक भरला जेमतेम सव्वा टक्का. तोही मुख्यत्वे आजार पुन्हापुन्हा उलटलेल्या रुग्णांत.

निरोगी माणसांमाणसांतही हा भाग याहून कितीतरी अधिक लहानमोठा असतो. म्हणून हजारोंच्या सरासरीत दिसणारा फरक एकट्या रुग्णाच्या चित्रात ओळखता येत नाही. आजार खरा असूनही चित्र निर्दोष येते, ते यामुळेच. फिट येणे, हातापायांतील शक्ती जाणे, उतारवयात एकाएकी स्वभाव पालटणे अशा वेळी डॉक्टर स्वतःच चित्र काढावयास सांगतात. एरवी थायरॉइडची रक्ततपासणी अधिक उपयोगी.

निदान होते ते विचारपूस करून. दोन आठवडे वा अधिक काळ मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, मरणाचे विचार येणे, ही लक्षणे रुग्ण सांगतो. आपण ऐकून घेतली पाहिजेत. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण निवडले गेले, ते नऊ प्रश्नांच्या तक्त्यावरून. त्यांतील निम्म्या रुग्णांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत धीराने बोलते व कामाला लागते केले. इतरांच्या मानाने त्यांना अधिक गुण आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते.

घरात कोणी मरणाची भाषा बोलू लागल्यास त्याला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.