एका दिवसाचे बंगळूर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत पर्यटन समितीच्या वतीने झालेले भाषण)



महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना बंगळूर कसे दाखवावे, या विषयावर आमच्या समितीने चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. विषय वरकरणी किरकोळ आहे. गाडी ठरवावी, डबे बांधावेत, लालबाग दाखवावी आणि संध्याकाळी पाहुण्यांना स्टेशनवर पोहोचवावे, यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे आम्हांलाही प्रथम वाटले. तथापि हे काम वर्षानुवर्षे केल्यावर त्यातील जोखीम ध्यानी आली, ती आपल्यापुढे मांडतो.

बंगळूरला समुद्र नाही. पण उपमा समुद्राचीच द्यावी लागते. आपल्याच राज्यातील नव मंगळूर बंदरात परदेशी प्रवाशांची जहाजे लागतात. सकाळी प्रवासी उतरतात, धक्क्यावर बसगाड्या उभ्याच असतात. मूडबिद्रीची १४३० सालची हजार खांबांची बस्ती, कारकळचा १४३२ साली उभारलेला गोमटेश्वर, कद्रीचे मंजुनाथ मंदिर, एखादा काजूचा कारखाना, एवढे पाहून मंडळी दिवस मावळण्याच्या आत जहाजावर परततात. जहाज कोणासाठी थांबत नाही. त्या प्रवाशांच्या लेखी कर्नाटक म्हणजे वाटाड्याने त्या सहा-सात तासांत जे सांगितले तेवढेच. पुढे जन्मभर ते तेच सांगत राहतात.

उद्यान एक्सप्रेसने येथे उतरणारे आपले काका-मामा-मावश्या यांची स्थिती याहून निराळी नाही. पुढच्या दिवसाचे म्हैसूरचे किंवा तिरुपतीचे तिकीट त्यांच्या खिशात असते. बंगळूरच्या वाट्याला येतो एकच दिवस, आणि त्या दिवसापुरते वाटाडे आपण असतो. नेहमीच्या सहलीच्या गाड्या विधान सौध बाहेरून दाखवितात, टिपूचा लाकडी महाल दाखवितात, बसवनगुडीचा नंदी दाखवितात आणि मग रेशमी साड्यांच्या दुकानासमोर बराच वेळ थांबतात. यात खोटे काही नाही. परंतु पाहुण्यांपैकी कोणीतरी 'येथे शहाजीराजे कोठे राहत होते हो?' असे विचारतोच, आणि वाटाड्याजवळ उत्तर नसते.

आमच्या समितीने म्हणून आपला स्वतंत्र क्रम बसविला. आरंभ लालबागेतूनच करतो. मात्र काचघरापासून नव्हे, खडकापासून. हैदरअलीने १७६० साली बाग घातली, काचघर १८८९ चे. पण तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, आणि त्याच्या माथ्यावर केंपेगौडांच्या नावाचा छोटा बुरूज आहे. शहराच्या सीमा दाखविणाऱ्या चार बुरुजांपैकी तो एक. १५३७ साली केंपेगौडांनी हे नगर वसविले, ही गोष्ट पाहुण्यांच्या कानी सर्वांत आधी पडावी असा आमचा आग्रह असतो. घरधन्याचे नाव प्रथम घ्यावे, पाहुण्याचे नंतर.

मग शहाजीराजे. १६३८ साली विजापूरचा सेनापती रणदुल्लाखान याच्याबरोबर येऊन त्यांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून हे ठाणे जिंकले; बंगळूर त्यांना जहागिरीत मिळाले आणि गौडा मागडीला गेले. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ येथे होते. शहाजीराजांचा दरबार कसा होता हे जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त वाचावे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध केला. अनेक भाषांचे कवी एका दरबारात जमले होते हे वाचून आजच्या बंगळूरचीच आठवण होते. राहता वाडा म्हणाल तर तो चिक्कपेठेतील गौरी महाल, असे सांगतात. आज तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. गौरी महालाच्या शोधात निघालेला भगिनीवर्ग मात्र रिकाम्या हाताने परतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

इमारत नाही, पण दगड आहे. मल्लेश्वरम् या वसाहतीची आखणी १८९८ च्या प्लेगनंतर झाली. परंतु तिला ज्याचे नाव मिळाले तो काडु मल्लेश्वर फार जुना. काडु म्हणजे रान. या देवस्थानाच्या परिसरात १६६९ सालचा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजीराजे, ज्यांना आपण व्यंकोजी म्हणतो आणि ज्यांनी पुढे तंजावरचे राज्य स्थापिले, त्यांनी मल्लापुराच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिले, असा त्याचा आशय. मंदिर एकोजीराजांनी बांधले असे वाटाडे ठोकून देतात. लेख तसे म्हणत नाही. तो दानाचा लेख आहे, देव आधीपासूनचा आहे. आम्ही लेखात आहे तेवढेच सांगतो.

आणि हा लेख कन्नड भाषेत आहे. दान देणारा भोसल्यांच्या कुळातला, पण ज्या प्रजेने तो लेख वाचावयाचा तिची भाषा कन्नड, म्हणून लेखही कन्नड. राईससाहेबांनी १९०५ साली छापलेल्या शिलालेखसंग्रहाच्या नवव्या खंडातून उतरून घेतलेला पाठ आम्ही बरोबर नेतो. एका खेपेस साताऱ्याकडचे एक आजोबा आले होते. त्यांना तो कागद वाचता येईना; आमच्यापैकी निम्म्यांना येईना. त्यांचा येथेच जन्मलेला नातू, वय वर्षे अकरा, शाळेत कन्नड शिकतो. तो अडखळत अक्षरे लावू लागला आणि 'एकोजी' या शब्दापाशी येऊन थांबला. आजोबांनी त्याला ती ओळ पुन्हा वाचावयास लावली. घरी नातवाचे मराठी मोडके म्हणून त्याला बोलणी बसत असत. त्या दिवशी गाडीत बसल्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

येथे आम्ही ज्या जोखमीचा उल्लेख केला ती येते. याच दगडापुढे उभे राहून 'म्हणजे हे शहर मूळचे आपलेच!' असे मोठ्याने म्हणणारे पाहुणेही आम्ही पाहिले आहेत. ते पाहुणे संध्याकाळी निघून जातात. आपणांस आणि आपल्या मुलांना उद्या याच रस्त्यावर राहावयाचे असते. डिसेंबर २०२१ मध्ये सदाशिवनगरातील शिवछत्रपतींच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली, आणि त्यापाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. त्या आठवड्यात आपल्यापैकी किती घरांत दूरध्वनीवर मराठी हळू आवाजात बोलले गेले, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. त्यामुळे आम्ही ठरविले की अर्धी गोष्ट सांगावयाची नाही. भोसल्यांनंतर १६८७ साली मोगलांचा कासीमखान येथे आला आणि पुढे शहर तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले, हे सांगतो. टिपूच्या महालापाशी उभे राहून हेही सांगतो, की १७९१ च्या मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्या मठाच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने साह्य पाठविले. हे ऐकून काही पाहुण्यांचे चेहरे उतरतात. उतरू द्यावेत.

दुपार मात्र प्रसन्न मनाने घालविता येते. भारतीय विज्ञान संस्था बाहेरून दाखविताना कमला सोहोनी यांची कथा सांगतो. तेव्हाच्या त्या कमला भागवत, दुर्गाबाईंची बहीण. वडील आणि चुलते याच संस्थेत शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या १९३३ साली येथे आल्या, तेव्हा स्त्री म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून प्रवेश मिळाला, वर्षभरात कामाने रामन यांचे मत बदलले, आणि १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या. बरोबरच्या मुलींना ही कथा टिपूच्या महालाहून अधिक आवडते, असा अनुभव आहे.

वाहतुकीने कृपा केली तर पुढे विमान कारखान्याचे संग्रहालय, जे २००१ पासून खुले आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साह्याने हा कारखाना काढला. ज्यांच्या कंपनीचे 'जल उषा' जहाज १९४८ साली विशाखापट्टणम् येथे पाण्यात उतरले, त्यांनीच या समुद्र नसलेल्या गावात विमाने आणली! आपल्यापैकी अनेकांचे वडील ज्या नोकऱ्यांसाठी घाट ओलांडून आले, त्यांतील हा एक मोठा आधार. जवळच्या मराठहळ्ळीची पाटी पाहून पाहुणे हर्षभरित होतात. नुसत्या नावाच्या साम्यावरून इतिहास सांगू नये, असा आमचा दंडक आहे. त्यांचा फारच हिरमोड झाला तर याच शहराच्या बसमध्ये तिकिटे फाडणाऱ्या शिवाजीराव गायकवाडांचे, म्हणजे रजनीकांतांचे नाव घेतो. ते येथल्याच मराठी घरातले.

एका दिवसात न बसणारी एक जागा राहते. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून निवर्तले, ते चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे. त्यांची साधीशी समाधी तेथे आहे. बंगळूरहून अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास. सकाळी निघून रात्री परतणे वृद्धांना झेपत नाही, दावणगेरेस मुक्काम करावा लागतो. येत्या हिवाळ्यात समिती अशी दोन दिवसांची सहल काढीत आहे. इच्छुकांनी कार्यालयात नावे द्यावीत, आणि ज्यांची मुले कन्नड वाचतात त्यांनी मुलांना अवश्य बरोबर आणावे.