आपल्या अक्षरांचे आपले पान



बंगळुरूच्या जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ नावाचे नाट्यगृह आहे. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी ते उभारले आणि २००४ साली त्याचा पडदा प्रथम वर गेला. शंकर नागांची कारकीर्द कन्नड चित्रपटांत बहरली. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटातही त्यांनी भूमिका केली होती. त्यांच्या नावाच्या या रंगमंचावर कन्नडखेरीज अन्य भाषांतील नाटकेही होतात आणि मराठी प्रयोग लागला, की आसपासची मराठी कुटुंबे आवर्जून जातात.

अशा घरांतील मुले आजी-आजोबांशी मराठीत बोलतात, अंगणात कन्नड आणि शाळेत इंग्रजी. मराठी त्यांच्या कानी पडते. डोळ्यांपुढे क्वचितच येते. जी भाषा बोलता येते पण वाचता-लिहिता येत नाही, ती एका पिढीनंतर सणासुदीपुरती उरते. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरांत आज हाच प्रश्न उभा आहे.

त्यावर एक लहानसा उपाय त्याच मुलांच्या हातांत आहे. संगणकाचे शिक्षण घेणारी मुले सरावासाठी गणकयंत्र किंवा खेळ तयार करतात. त्यांनी पहिला उपक्रम म्हणून घरच्यांसाठी मराठीत एक संकेतस्थळ का बांधू नये? विषय घरातच असतो. आजोबांनी पाहिलेली नाटके घ्यावीत. नाटकाचे नाव, पाहिल्याचे वर्ष, गाव, कलावंत आणि आजोबांचे चार ओळींचे मत, एवढी सामग्री पुरेशी आहे. एका पानावर सर्व नाटकांची यादी, प्रत्येक नावापासून त्या नाटकाच्या पानाकडे नेणारा दुवा आणि पुढे वर्षानुसार यादी लावणारी छोटी आज्ञावली, या क्रमाने काम वाढत जाते. आजोबा सांगतात, नात टंकलेखन करते. शब्द अडला की दोघे मिळून शब्दकोश उघडतात. खरे शिक्षण तेथे घडते.

हे काम वाटते तितके अवघड नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगातील पहिले संकेतस्थळ खुले केले आणि १९९३ साली ‘सर्न’ या संस्थेने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य केले. त्याचा पाया आजही तोच आहे. पान म्हणजे साधा मजकूर आणि मथळा कोणता, परिच्छेद कोठे, दुवा कोणता हे सांगणाऱ्या एचटीएमएलच्या खुणा. साध्या लेखन-संपादकात हे सारे लिहिता येते.

मराठीसाठी मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. पूर्वी निरनिराळ्या टंकांची संकेतावली निरनिराळी असे. त्या काळी जपलेला मजकूर आज उघडला, तर अनेकदा अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे टंक बदलला तरी मजकूर टिकतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेदही त्यात नीट राखता येतो. पानाच्या आरंभी भाषा मराठी असल्याची ‘एमआर’ ही खूण अवश्य द्यावी. तीमुळे मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला भाषा कळते आणि ज्या टंकांत तशी सोय आहे तेथे ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात. आजीच्या हस्ताक्षरातील पत्राचे छायाचित्र जरूर लावावे, पण त्याखाली मजकूर टंकित करावा; नुसत्या छायाचित्रात शब्द शोधणे यंत्राला नेहमीच साधते असे नाही.

पालकांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. घरचा पत्ता, दूरध्वनी आणि मुलांची छायाचित्रे पानावर नसावीत. तसेच ज्यांच्या आठवणी लिहायच्या त्यांची संमती आधी घ्यावी. दुसरे असे, की सर्व फायलींची एक प्रत घरच्या संगणकावर आणि एक अन्यत्र ठेवावी. समाजमाध्यमांवर लिहिलेला मजकूर परक्याच्या भिंतीवर असतो. ती भिंत कधी रंगवली जाईल ते आपल्या हाती नसते. फायली आपल्याजवळ असतील, तर एका ठिकाणची जागा गेली तरी दुसरीकडे तेच पान पुन्हा उभे राहते.

साठ वर्षे या शाळेने मुलांच्या हाती पाटी दिली आणि मराठी अक्षरे गिरवून घेतली. ती अक्षरे घेऊन विद्यार्थी दूरदूर गेले. त्यांच्या मुलांची पाटी आता पडदा झाली आहे, तिच्यावर काय उमटावे हे मात्र अजून घरातच ठरते. हीरक महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलांसोबत मराठीतले एक पान लिहावे. पान लहान असले तरी चालेल, शुद्धलेखनाच्या चुका हळूहळू सुधारतील. आजी-आजोबा सांगायला आहेत, तोवर मात्र ते सुरू व्हायला हवे.