वसाहतींचा प्रश्न आधी घ्यावा



 'वादग्रस्त वसाहती आणि शांतता वाटाघाटी' हा या परिषदेचा यंदाचा विषय आपल्याला परका नाही. कोकणातली बेने इस्राएल कुटुंबे इस्रायलमध्ये गेली आणि सोबत मराठीही घेऊन गेली. तर १९८८ साली पॅलेस्टाइनच्या राज्याला मान्यता देणाऱ्या देशांत भारत होता. दोन्हीकडच्या माणसांचे बरे व्हावे, ही इच्छा म्हणूनच आपल्याला मनापासून बाळगता येते.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँकेत पुढे इस्रायली वसाहती उभ्या राहू लागल्या. आधी घरे येतात, मग रस्ता, मग राखणीला सैन्य, आणि अखेर त्या घरांतले मतदार सरकारे तारू-पाडू लागतात. वाटाघाटी सुरू होण्याआधीच जमिनीवर निम्मा निकाल लागलेला असतो. ही भूमी व्याप्त नव्हे, वादग्रस्त आहे, असे इस्रायलचे म्हणणे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मात्र जुलै २०२४ मधील सल्लागार मतात या वसाहती बेकायदा ठरवल्या.

इतिहासातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडला इस्रायलची इजिप्तशी बोलणी झाली, तेव्हा इजिप्तच्या सिनाई भागातल्या इस्रायली वसाहतींचा प्रश्न टाळता आला नाही. इस्रायलचे पंतप्रधान बेगिन यांनी तो आपल्या संसदेपुढे ठेवला, संसदेने संमती दिली, १९७९ मध्ये तह झाला आणि एप्रिल १९८२ मध्ये यामित ही तिथली वसाहत रिकामी करण्यात आली. तो तह आजही टिकून आहे. पॅलेस्टिनींशी झालेल्या १९९३ च्या ऑस्लो करारात मात्र वसाहती, जेरुसलेम, निर्वासित आणि सीमा हे सारे अंतिम टप्प्यावर ढकलले गेले. तेव्हा पूर्व जेरुसलेम वगळून वेस्ट बँकेत एक लाखाहून थोडे अधिक वसाहतवासी होते. २००० साली पुन्हा बोलणी झाली, तोवर ते दोन लाखांच्या घरात गेले होते. ज्या जमिनीविषयी बोलायचे, ती जमीनच बोलणी चालू असताना आक्रसत गेली. मग पॅलेस्टिनी माणसाचा चर्चेवरचा विश्वास कसा टिकावा?

सिनाईत वसाहतवासी थोडे होते, तर वेस्ट बँकेशी अनेक ज्यूंची धर्मश्रद्धा जोडलेली आहे, हा फरक मला मान्य आहे. शिवाय २००५ मध्ये इस्रायलने गाझातल्या वसाहती उठवल्या, पण दुसऱ्या बाजूशी करार न करता; त्यातून शांतता आली नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: वसाहतींचा निर्णय वाटाघाटींच्या आरंभीच, दोन्ही पक्षांच्या संमतीने व्हावा; आणि तो होईपर्यंत नवे बांधकाम थांबावे.

आपल्या चर्चेत या मताला विरोध झाला, तर त्याचेही स्वागत आहे. मात्र प्रत्येक निबंधात ऑलिव्हची बाग गमावलेला शेतकरी आणि घर सोडावे लागेल या धास्तीत वाढणारे वसाहतीतले मूल, या दोघांनाही जागा मिळावी, एवढी विनंती करते.