चिनी धुपाटणें



लोणच्याची बरणी आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं असेल. साध्या मडक्यास पाझर फुटतो, बरणीस फुटत नाहीं. कारण तिची माती सुमारें १२०० अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजून दगडासारखी घट्ट झालेली असते आणि वर कांचेसारखी झिलई असते. अशाच मातीचीं धुपाटणीं चीन देशांत शतकानुशतकें होत आलीं. आज त्यांविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपलें धुपाटणें पितळेचें व मुठीचें. धूप घालून तें घरभर फिरवावयाचें. चिनी धुपाटणें एका जागीं बसतें. त्याला बहुधा तीन पाय असतात, कारण तें ‘डिंग’ नांवाच्या प्राचीन काशाच्या पात्राचें अनुकरण होय. आंत राख भरून तींत उदबत्त्या उभ्या खोंचतात. सुंग काळांत (इ. स. ९६० ते १२७९) लुंगछ्वान येथील भट्ट्यांतून फिकट हिरव्या झिलईचीं सुरेख धुपाटणीं निघालीं. हा हिरवा रंग झिलईंतील लोहाचा; भट्टींत हवा बेतानें सोडली तरच तो साधतो.

अशीं हिरवीं भांडीं समुद्रमार्गें आपल्याकडेही आलीं. विषारी अन्न वाढल्यास तीं तडकतात, अशी समजूत असल्यामुळें राजेरजवाड्यांस तीं प्रिय होतीं. आपले नांदेड-लातूर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होते, त्याच्या राजधानींत तिसऱ्या सालारजंगांनीं जमविलेला संग्रह १९५१ मध्यें सर्वांस खुला झाला. तेथील चिनी दालन मुलांना अवश्य दाखवावें.

जुनें चिनी पात्र कोणाच्या घरीं असेल, तर बुडावरील शिक्का पाहून त्याचें वय ठरवूं नये. श्वानद बादशहाचें (१४२६ ते १४३५) नांव पुढील शतकांतील असंख्य धुपाटण्यांवर आढळतें. कधीं आदरापोटीं घातलेलें, कधीं किंमत वाढविण्यासाठीं. त्यापेक्षां पायाखालची उघडी माती, झिजलेली कड आणि आंतला धुराचा काळा थर पाहावा. तें घांसून लख्ख करूं नये. घांसल्यानें हा पुरावाच नाहींसा होतो. शिवाय १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यान्वयें शंभर वर्षांहून जुनी कलावस्तु खासगी व्यक्तीस परदेशीं पाठवितां येत नाहीं.

वस्तु ठेवावी कीं विकावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र ती काय आहे हें जाणकारास दाखविल्यावांचून दारावरच्या फेरीवाल्याच्या हातीं देऊं नये, एवढीच विनंति.