वेशीबाहेरचे गाव



पुण्याचा माणूस पिंपरी-चिंचवडला अजून उपनगर म्हणतो. 1982 पासून तिथे स्वतंत्र महानगरपालिका आहे, 2011 च्या शिरगणतीत वस्ती 17 लाखांवर भरली, तरी सवय जात नाही. शब्दाचा आम्हांला राग नाही. कारखान्यांपूर्वी तिथे काहीच नव्हते, ही समजूत मात्र खटकते.

पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आहे. 1897 साली रँडवर गोळ्या झाडणारे चाफेकर बंधू चिंचवडचेच. भोवताली शेती होती आणि ती कसणारी घराणी होती. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत सिंधी निर्वासित आले. 1955 पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीन होऊ लागले. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि भोसरी-आकुर्डीच्या शेतांचे प्लॉट झाले.

मग आमच्या वडिलांची पिढी आली, मराठवाड्यातून, सोलापुराकडून, खानदेशातून. एका खोलीत सहा-सहा माणसे. एक रात्रपाळीला गेला की त्याच्या खाटेवर दुसरा निजे. विजेच्या सोयीसाठी इथली सुट्टी गुरुवारची. गावचा पाहुणा रविवारी येई तेव्हा घरधनी पाळीवर! बायकांनी हा उलटा आठवडा कसा निभावला, ते कुठल्या इतिहासात लिहिलेले नाही.

कामगारांना घरे मिळावीत म्हणून 1972 साली नवनगर प्राधिकरण स्थापन झाले. त्यासाठीही जमीन शेतकऱ्याचीच गेली. साडेबारा टक्के परताव्यासाठी कित्येक कुटुंबांनी दशकानुदशके कचेऱ्यांत खेटे घातले. शेतकरी आणि कामगार यांची भांडणे लावणे सोपे असते. आमच्या मते दोघांचे दुखणे एकच. दोघांच्या जिवावर गाव वाढले आणि भाव वाढल्यावर दोघांनाही तिथे घर परवडेना.

आकुर्डीचे स्कूटरचे उत्पादन 2007 साली थांबले. कारखाने संपले असे नव्हे, पण कायम कामगार कमी होत गेला. आज एकाच यंत्रावर दोन माणसे शेजारी उभी असतात, काम तेच, पगार निराळे. एकाच्या बिल्ल्यावर कारखान्याचे नाव, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर कंत्राटदाराचे. काही महिन्यांनी दुसऱ्याला ब्रेक देतात, म्हणजे त्याला कायम होण्याचा हक्क सांगता येऊ नये. तो पोरगा गेटसभेला येत नाही. कोणी पाहील, उद्या आत घेणार नाहीत, ही धास्ती. म्हणून हल्ली आम्ही सभा गेटावर न घेता, तो राहतो त्या चाळीत, रात्री पाळी सुटल्यावर घेतो.