लहान मुलांचा सांभाळ : दोन घरांनी मिळून

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कोडोली येथे केलेले भाषण)



चिटणीस महाशयांनी आम्हांस शिक्षणावर बोलण्याची आज्ञा केली होती. शिक्षणावर या व्यासपीठावरून दरवर्षी दोन तरी भाषणे होतात आणि ती सर्व शाळेच्या दारापासून सुरू होतात. मूल शाळेच्या दाराशी येते तेव्हा ते सहा वर्षांचे असते. त्यापूर्वीची वर्षे, विशेषतः पहिली तीन, ते कोणाच्या मांडीवर काढते याचा विचार सभांतून होत नाही. तो स्वयंपाकघरात होतो, आणि बहुधा रडत-भांडत होतो. म्हणून आज त्याविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. एकट्या घरास बाई ठेवणे परवडत नाही, जवळ पाळणाघर नाही, आणि नोकरी सोडणे शक्य नाही, अशा वेळी दोन घरांनी मिळून मुले सांभाळण्यास एक बाई ठेवावी, ही आमची सूचना आहे. ही सूचना कोणत्या अटींवर चांगली आणि कोणत्या अटींवर वाईट, हेही सांगणे अगत्याचे आहे.

आपल्या कोडोलीचेच पाहा. शेजारी वारणानगरास कै. तात्यासाहेब कोरे यांनी साखर कारखाना उभा केला, त्यामागून दूधसंघ आला, महाविद्यालये आली, आणि पन्हाळा तालुक्याच्या या भागात महिन्याच्या पगाराची नोकरी घरोघर आली. प्रथम ती पुरुषांकडे आली, मग सुनांकडेही आली. आपल्याच ज्ञातीत आज शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, बँकेत व पतपेढीत काम करणाऱ्या आहेत. सोयरीक जमविताना मुलीची नोकरी आधी विचारणारी मंडळी याच सभेत बसली आहेत. नोकरी पाहून सून आणावयाची आणि मूल झाले की 'आता घरी बस' म्हणावयाचे, हा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाही.

कायद्याने काही सोय केली आहे. प्रसूतीच्या रजेचा कायदा १९६१ सालचा. २०१७ साली त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि जेथे ५० वा अधिक माणसे कामास असतील तेथे पाळणाघराची सोय करावी असेही ठरले. परंतु २६ आठवडे म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांचे मूल नुकते बसावयास शिकत असते. आणि लहानशी पतपेढी किंवा चार खाटांचा दवाखाना, तेथे ५० माणसे कोठून असावयाची?

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर म्हणजे, 'आजी आहे ना!' आजीविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. आमच्याही घरी एक आहे. परंतु या उत्तरात आजीस कोणी विचारलेले नसते. तिने आपली मुले वाढविली, सासूसासऱ्यांचे केले, आता गुडघे दुखू लागले, आणि या वयात तिने रोज नऊ-दहा तास रांगत्या मुलामागे धावावे अशी अपेक्षा असते. पुण्या-मुंबईस नोकरी करणाऱ्या मुलांच्या घरी तर वेगळाच प्रकार. म्हातारी नातवापाशी पुण्यास आणि म्हातारा म्हशीपाशी कोडोलीस, असे संसार आपल्या ज्ञातीत थोडेथोडके नाहीत. चाळीस वर्षे एका ताटाजवळ बसलेली माणसे उतारवयात फोनवर एकमेकांस 'जेवलात का?' विचारतात. अमेरिकेस गेलेल्यांच्या घरी प्रथम एक आजी सहा महिने जाते, तिच्या व्हिसाची मुदत संपली की दुसरी जाते. याला आम्ही नातवंडांचे प्रेम म्हणतो. त्यात प्रेम आहेच, परंतु बिनपगारी चाकरीही आहे, हे म्हणावयास कोणी धजत नाही. आजीने कौतुक करावे, गोष्टी सांगाव्या, वाटल्यास दुपारी बाळास थोपटावे. दिवसाची नोकरी तिच्या माथी मारू नये.

जिला आजीही नाही आणि पगारही नाही, तिची गत आम्ही मास्तरकीच्या वर्षांत हजेरीपटावर वाचली आहे. खुरपणीच्या दिवसांत आई शेतात गेली की तान्हे मूल बांधावरच्या झाडाला लुगड्याच्या झोळीत, आणि ते रांगू लागले की थोरल्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीचे नाव आमच्या पटावर असे, आणि नावापुढे सलग गैरहजेरी. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीस येणाऱ्या टोळ्यांत तर आठ-नऊ वर्षांची मुलगीच कोपीवरची गृहिणी. एका मुलाच्या सांभाळापायी दुसऱ्या मुलाची शाळा बुडते, हे गणित आम्ही पुस्तकात शिकलो नाही, वर्गात पाहिले.

हेच गणित ताराबाई मोडकांनी ओळखले होते. त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी केले. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केलेली होती. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवावयाचे आणि थोरल्या मुलीने शेजारच्या वर्गात बसावयाचे, इतकी ती साधी युक्ती होती. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. ती अंगणवाडी मात्र कोसबाडचे सगळे घेऊन आली नाही. तीन ते सहा वर्षांची मुले तेथे काही तास बसतात. त्याहून लहानांना घरी नेण्याचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. २०२२ पासून 'पाळणा' योजनेखाली काही अंगणवाड्यांना पाळणाघरे जोडली जाऊ लागली, ही चांगली गोष्ट आहे. ती आपल्या गल्लीत येईपर्यंत आजचे तान्हे मूल शाळेत जाऊ लागेल.

म्हणून मधला मार्ग. ज्याच्याकडे एकच बैल आहे असा शेतकरी दुसऱ्या तशाच शेतकऱ्याशी पैरा करतो आणि दोघांचीही नांगरट होते, हे आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही. मुलांच्या सांभाळातही असा पैरा होऊ शकतो, आणि जगात तो होतो. फ्रान्समध्ये याला 'गार्द पार्ताजे', म्हणजे वाटून घेतलेला सांभाळ, असे रूढ नावच आहे. तेथे दोन कुटुंबे एक बाई ठेवतात आणि मुले काही दिवस एका घरी, काही दिवस दुसऱ्या घरी राहतात. अमेरिकेतही ही पद्धत आहे, आणि तेथील आपल्या मराठी मुलामुलींनीही ती उचलली आहे.

परंतु पैऱ्याची उपमा येथे एका जागी लंगडी पडते. पैऱ्यात दोन्ही शेतकरी बरोबरीचे असतात, आणि वाटून घ्यावयाचे ते जनावर असते. येथे वाटून घ्यावयाची ती एक बाई आहे, आणि तिलाही घर आहे. आमच्या परिचयातील एका गावी दोन घरांनी अशी व्यवस्था केली. पूर्वी एकच घर बाईस जो पगार देत होते, तोच त्यांनी दोन घरांत निम्मा-निम्मा वाटून घेतला. मुले दोन झाली, दुपटी दोन झाली, रडणे दोन झाले, पगार तोच राहिला. दोन्ही घरांस वाटले आपण फार हुशारी केली. तीन महिन्यांत बाई निघून गेली, आणि 'आजकाल चांगली बाई मिळत नाही' अशी बोलवा मात्र मागे राहिली.

अमेरिकेत याविषयी एक सर्वसाधारण रीत आहे, ती आम्हांस न्यायाची वाटते. एकट्या घराने जो पगार दिला असता त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग प्रत्येक घराने द्यावा. उदाहरणापुरता आकडा घेऊ. एकट्या घरास बाई ठेवण्यास महिना ९,००० रुपये पडतात असे समजा. दोन घरांनी प्रत्येकी ६,००० द्यावे. प्रत्येक घराचे ३,००० वाचले, आणि बाईस १२,००० मिळाले, म्हणजे तिचेही ३,००० वाढले. साधे त्रैराशिक आहे, चौथीच्या मुलाने सोडवावे असे. यात कोणाचे नुकसान होत नाही. निम्म्या वाटणीत मात्र दोन्ही घरांची सारी बचत एकटीच्या अंगावर निघते.

बाकीच्या गोष्टी आरंभीच बोलून, शक्य तर एका कागदावर लिहून घ्याव्या. तोंडी ठरलेले दोन घरांत दोन तऱ्हांनी आठवते. एका बाईकडे तीन वर्षांखालील दोन मुले पुरेत. 'आमच्या भावाचाही एक आहे, बसेल कोपऱ्यात' असे तिसरे मूल सोडू नये. बैठक एका घरी कायमची असावी की आठवड्यागणिक बदलावी, हे घर पाहून ठरवावे. मुले तान्ही असताना एकच घर बरे, कारण झोपेची जागा बदलली की ती बिथरतात. परंतु ज्या घरी बैठक असेल त्याच्यावर विजेचा, गॅसचा आणि पसाऱ्याचा भार पडतो, त्याची भरपाई दुसऱ्याने करावी. आजाराविषयी नियम कडक असावा. ज्या मुलास ताप, गोवर किंवा जुलाब असतील त्याने त्या दिवशी आपल्या घरी राहावे, मग त्या आईची कितीही महत्त्वाची बैठक असो. आणि येथे 'आई' असे म्हणताना आमची जीभ अडखळते. त्या दिवशी रजा बापानेही काढावी. बापाची रजा जोतिबाच्या यात्रेस शिल्लक असते आणि मुलाच्या तापास नसते, असे का व्हावे?

बाईच्या रजाही ठरलेल्या असाव्या, आणि त्या दिवशी कोण घरी थांबणार याची पाळी आधी लावावी. दिवाळीस दोन्ही घरांनी मिळून एक महिन्याचा पगार द्यावा. एका घराने साडी द्यावी आणि दुसऱ्याने ती साडी पाहून समाधान मानावे, असे नको. महाराष्ट्र शासनाने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला आहे. त्याखाली तिची नोंदणी करून देणे हे शिकलेल्या घरांचे काम आहे, तिने कचेरीत खेटे घालावे असे नव्हे. मुलांस गप्प बसविण्यासाठी त्यांच्या हाती मोबाईल द्यावयाचा नाही, हीही अट घालावी. मात्र आईबापांनी संध्याकाळी घरी येऊन तोच मोबाईल मुलाच्या हाती देऊ नये, नाही तर बाई मनात हसेल.

एक मोठा लाभ आहे, तो पैशाचा नव्हे. एकट्या घरात बाई आणि मूल दिवसभर दाराआड असतात. दोन घरे असली म्हणजे दोन आया येता-जाता पाहतात, मूल उगाच किरकिरते का, अंगावर वळ आहे का, हे दोघींच्या नजरेस येते. बाईसही आधार होतो, कारण एका घराने तिच्यावर नाहक आळ घेतला तर दुसरे घर साक्षीस असते. आणि दोन मुले एकत्र वाढली की एकाच खेळण्यासाठी भांडावयास व ते परत द्यावयास शिकतात. पहिलीच्या वर्गात अशी मुले आम्हांस चटकन ओळखू येत.

आता अवघड भाग. ही सूचना आम्ही काही घरी बोलून दाखविली तेव्हा पहिला प्रश्न आला, 'दुसरे घर आपल्या ज्ञातीतले मिळेल काय?' दुसरा प्रश्न आला, 'बाई कोणातली?' ज्ञातीच्या व्यासपीठावरूनच या प्रश्नांचे उत्तर दिलेले बरे. दुसरे घर जवळचे असावे, त्याच्या कामाच्या वेळा आपल्याशी जुळाव्या, माणसे शब्दाची पक्की असावी. ज्ञातीतले घर दीड कोसावर आणि शेजारचे घर भिंतीला भिंत लावून, तर मुलास कोठे ठेवाल? अन्नाचा प्रश्न खरा आहे, आम्ही तो उडवून लावीत नाही. एका घरी अंडे चालते, दुसऱ्या घरी चालत नाही. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या मुलाचा डबा द्यावा, प्रश्न मिटला. राहिली बाई. कपूरहोळच्या धाराऊने शंभूराजांना दूध पाजले ही कथा आपण अभिमानाने सांगतो. आणि आपल्याच काही घरांत असे दिसते, की जिच्या हातचा मऊ भात बाळाच्या पोटात जातो तिला चहा वेगळ्या कपात मिळतो, आणि तो कप मोरीच्या कोनाड्यात पालथा असतो. मूल ते पाहत असते. दीड वर्षाच्या मुलास बोलता येत नाही, पण कोणाचा कप कोठे असतो हे त्यास बरोबर कळते.

एक विचारावयाचे राहिले. ही बाई सकाळी नऊ वाजता आपल्या दारात येते तेव्हा तिचे स्वतःचे मूल कोठे असते? तीन वर्षांवरचे असेल तर अंगणवाडीत, आणि दुपारनंतर शेजाऱ्यांच्या ओट्यावर. त्याहून लहान असेल तर बहुधा थोरल्या बहिणीपाशी, म्हणजे पुन्हा आमच्या त्या हजेरीपटावरील रिकाम्या चौकोनांत. दोन घरांपैकी एखाद्याचे मूल तीन वर्षांचे होऊन निघाले, तर त्या जागी तिने आपले मूल आणावे, अशी मुभा दोन्ही घरांनी का देऊ नये? आम्ही हे बोललो तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, 'मास्तर, मग पगार कशाचा?' पगार कामाचा. मूल जवळ असले म्हणून तिचे काम कमी होत नाही.

मंडळास आमची विनंती एवढीच, की कार्यालयात एक वही ठेवावी. ज्या घरांना असा सांभाळ हवा त्यांनी आपली गल्ली, मुलाचे वय आणि कामाच्या वेळा तीत लिहाव्या, आणि ज्या बायका हे काम करू इच्छितात त्यांचीही नावे तीत असावी. वही ज्ञातीबाहेरच्यांसही खुली असावी. पहिल्या पानावर दोन-तृतीयांशाचा हिशेब लिहून ठेवावा, म्हणजे वाटणीची चर्चा दारात करावी लागणार नाही. वही आखून देण्यास आम्ही तयार आहोत. दुपारी चार ते सहा या वेळेत कार्यालयात बसण्यासही हरकत नाही. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यापूर्वी हे झाले तर बरे, कारण शिक्षिका भगिनींच्या रजा तेव्हा संपतात.