कागदावरचे सिनेमे



आभाराचं काम आयोजक शेवटी करतील. मी थेट भांडणाला उभा आहे.

डहाणू-तलासरीची मुलं-मुली पहाटेची लोकल पकडून अंधेरीला जातात. पिशवीत बाउंड स्क्रिप्ट असते. २०१३च्या एप्रिलपासून लोकल डहाणू रोडपर्यंत आली, त्यामुळे जाणं-येणं सोपं झालं. तिथल्या निर्मात्यांच्या ऑफिसांतलं उत्तर मात्र बदललं नाही. अर्धं नॅरेशन ऐकून सांगतात, ‘छान आहे, पण हे बघणार कोण?’ आपल्याच पालघर जिल्ह्यात, नायगावच्या स्टुडिओंत, दिवसरात्र मालिकांचं चित्रीकरण चालतं. सेट उभे करायला आपला जिल्हा चालतो, पण आपल्या जिल्ह्याची कथा चालत नाही.

निर्मात्यांवर मी येईनच. पण माझं पहिलं भांडण आपल्याशी, साहित्यवाल्यांशी आहे. नाटक लिहिलं की आपण त्याला साहित्य म्हणतो, प्रयोग होवो न होवो. राज्य नाट्य स्पर्धा १९५४पासून आणि पुरुषोत्तम करंडक १९६३पासून नव्या संहितांना रंगमंच देत आले, त्यातून मराठी रंगभूमीला लेखक मिळाले. पटकथेचा सिनेमा झाला नाही की तिची रद्दी होते. असं का? विजय तेंडुलकरांनी ‘आक्रोश’ लिहिला, गोविंद निहलानींनी तो १९८०मध्ये पडद्यावर आणला. अन्याय सोसून गप्प झालेल्या आदिवासी माणसाची ती कथा. निहलानींनी कॅमेरा लावला नसता तर तेंडुलकरांचं लिखाण काय हलकं ठरलं असतं? किरण नगरकरांची ‘ब्लॅक ट्यूलिप’ ही सिनेमा न झालेली पटकथा २०१५ साली त्यांच्या नाटकासोबत पुस्तकात छापली गेली. ती वाचता येते, तिच्यावर वाद घालता येतो. लेखकाला एवढं तरी मिळालंच पाहिजे.

‘दर्जेदार असतं तर सिनेमा झालाच असता’ असं म्हणणाऱ्यांना मी गंजाडच्या वारली चित्रांची आठवण करून देतो. आपल्या भिंतींवरची लग्नचौकाची चित्रं पिढ्यान् पिढ्या होतीच. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन इथल्या पाड्यांवर आले, त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं, आणि १९७५मध्ये जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. २०११मध्ये म्हसेंना पद्मश्री मिळाली. केमोल्डमध्ये लागण्याच्या आदल्या दिवशी ती चित्रं वाईट होती का? ती तेवढीच थोर होती. येऊन पाहणारा माणूस तेवढा नव्हता. आज पटकथेला तो माणूस हवा आहे.

अमेरिकेत फ्रँकलिन लिओनार्ड नावाच्या तरुणानं २००५मध्ये ओळखीच्या सिनेमावाल्यांना विचारलं, न निघालेल्यांपैकी तुम्हाला आवडलेल्या पटकथा कोणत्या? उत्तरांची यादी केली, तिचं नाव ‘ब्लॅक लिस्ट’. पुढे दरवर्षी ती निघत राहिली. ‘स्लमडॉग मिलियनेअर’, ‘द किंग्ज स्पीच’, ‘आर्गो’, ‘स्पॉटलाइट’ या पटकथा सिनेमा होण्याआधी त्या यादीत होत्या. चारही सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यातला एक तर आपल्या मुंबईचा! ‘हे बघणार कोण’ म्हणणाऱ्यांनी हे घरी जाऊन पडताळून पाहावं.

आणि इथे कथा नाहीत असं कोण म्हणतो? १९४५चा ऑक्टोबर आठवा. वेठबिगार आणि लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी येणारी गुलामी, यांच्या विरोधात वारली उठले होते. त्यांच्या नेत्या गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे अशी अफवा उठली आणि बाईंना वाचवायला तलवाड्याला माणसांचा लोंढा लोटला. १० तारखेला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. बाईंनी ते सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं, १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्या अफवेची रात्र, झोपडीतून झोपडीत जाणारा निरोप, अंधारात काठी शोधणारा हात... जो लेखक हे दृश्य लिहील त्याला मी सलाम करीन. आणि त्याला ‘वारली नको, हिरो शहरातला करा’ म्हणून सुचवणाऱ्याला या मंडपातून उठून जायला सांगेन.

सरकारलाही सुनावतो. मराठी चित्रपटाला अनुदान मिळतं ते सिनेमा पुरा झाल्यावर, समितीनं पाहून दर्जा ठरवल्यावर. म्हणजे ज्याच्याकडे सिनेमा काढण्याइतके पैसे आधीच आहेत, त्यालाच ते मिळतं. लेखक कोरा कागद पुढ्यात घेऊन बसतो तेव्हा सरकार कुठे असतं? अनुदानातला एक हिस्सा पटकथेच्या टप्प्यावर द्या, थेट लेखकाच्या खात्यात. राज्य वाङ्मय पुरस्कारांत नाटकाला मान आहे, तसा पटकथेलाही द्या. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं पटकथाकाराच्या रॉयल्टीला बळ दिलं, पण सिनेमाच निघाला नाही तर रॉयल्टी येणार कशातून? पटकथालेखकांच्या संघटनेत नोंद केली की कोणत्या तारखेला लिहिलं याचा पुरावा राहतो. वाचक त्यातून मिळत नाही.

वाचक आपण व्हायचं आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनो, चार कथा कमी छापा आणि एक अख्खी पटकथा छापा. सीन नंबरांसकट. लोक वाचतील. जव्हार-मोखाड्यात रात्रभर मुखवट्यांचा बोहाडा बघणारी माणसं आहेत ही, त्यांना दृश्य समजावून सांगावं लागत नाही.

आज संध्याकाळच्या कविसंमेलनाआधीचा एक तास मी आयोजकांकडून भांडून घेतला आहे. तलासरीच्या एका मुलीची न निघालेली पटकथा ती स्वतः इथे वाचणार आहे, वारली आणि मराठी दोन्ही बोलींत. चहाला उठू नका. वाचून झाल्यावर, तुम्हाला काय कळलं नाही ते तिला विचारा, कुठे कंटाळा आला तेही तोंडावर सांगा. आणि आवडली तर तुमच्या ओळखीत जो कोणी निर्माता असेल त्याचा नंबर तिला द्या.